जावयाचं घड्याळ

दोन हजार सालानंतर भिवंडीजवळच्या मानकोलीत गोदामं उगवू लागली, त्यात बाळारामची भातशेती मोठ्या रकमेला गेली आणि गाव त्याला बाळारामशेठ म्हणू लागलं. शेठ म्हटलं की थाट आला. लेकीच्या लग्नात जावयाला भिवंडीतलं साधं घड्याळ कसं चालेल? मुंबईतल्या बड्या दुकानातलंच हवं. व्याह्यांसमोर आपली मान ताठ राहावी, एवढीच बिचाऱ्याची धडपड.

आता लग्नाची खरेदी हे काही एकट्यादुकट्याचं काम नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा हात लागल्याशिवाय वस्तू पसंत झाली असं आमच्याकडे कोणी मानत नाही. त्यामुळे भाड्याच्या सुमोत बायको राहीबाई, भाऊ केसरीनाथ आणि आईच्या माघारी बाळारामला वाढवणारी थोरली बहीण आक्का, अशी सगळी फौज निघाली. दुकानाच्या काचेच्या दारापाशी सगळ्यांनी शिस्तीत चपला काढल्या. भिवंडीत पेढीवर गादीवर बसायचं तर काढाव्याच लागतात. इथे गादी नव्हती. थंडगार फरशी होती, आणि त्यांच्या अनवाणी पायांकडे बघणारा टायवाला पोऱ्या होता.

घड्याळं दुरुस्त करणारा पलीकडच्या गल्लीत बसतो, ही माहिती त्या राजबिंड्याने न विचारताच दिली. केवढी ही सेवावृत्ती! घ्यायला आलोय म्हटल्यावर त्याने हातमोजे चढवले आणि घड्याळ लांबूनच दाखवलं, देवळातल्या मूर्तीसारखं. आक्काने सवयीने हात पुढे केला. त्याने घड्याळ मागे घेतलं आणि बाळारामच्या कानाशी लागून साखरेच्या आवाजात विचारलं, "सर, फॅमिली बाहर बैठेगी?"

सर! जन्मात पहिल्यांदा कोणी त्याला सर म्हटलं होतं. शेठ विरघळले.

"आक्का, तू जरा भायेर बस," बाळाराम म्हणाला.

आक्का उठली. तिच्या मागोमाग राहीबाई आणि केसरीनाथही गेले. मग शेठ एकटेच कॉफी प्याले, दुकानातलं सगळ्यात महागडं घड्याळ त्यांनी घेतलं आणि टायवाल्याने लवून दार उघडलं तेव्हा मैदान मारल्याच्या ऐटीत बाहेर पडले.

आक्का फुटपाथवर उन्हात बसली होती. बाळारामने खोका उघडून तिच्यापुढे धरला, हात लाव म्हणाला. तिने हात पदराखाली घेतला. टायवाल्यावर रागावली असणार, असं त्याला वाटलं. माजोरडा आहे मेला, त्याचं मनावर घेऊ नकोस, अशी त्याने समजूत घातली.

"त्यो परका हाय," आक्का म्हणाली. "मना भायेर तू काडलास."