चालती गाडी

"चालती गाडी कोनी इकस का, ताई?"

इकस म्हणजे विकतं. हा प्रश्न आबा मला आठवड्यातून एकदा तरी विचारायचे. विचारताना स्टिअरिंगवर तळहात आपटायचे आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच मान हलवायचे. कोणी विकत नाही. विकली, म्हणजे तिच्यात काहीतरी आहे.

आबांची पांढरी सेकंडहँड व्हॅन जामनेर-जळगाव धावायची. मी जळगावला एका चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. आम्हा अपडाऊनवाल्यांना सकाळी न्यायचं आणि संध्याकाळी आणायचं, हा आबांचा धंदा. मूळचे साक्रीकडचे, बायकोच्या माहेरामुळे जामनेरला राहिलेले. बायको गेली, मूलबाळ नव्हतं. गाडी आणि संशय, एवढाच काय तो संसार उरला होता.

केळ्यांची फणी विकत घेण्याआधी मधलंच केळं सोलून बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आबा त्यांच्यापुढचे. व्हॅन त्यांनी धुळ्याच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात पाहिली. इंजिन बघितलं, मॅट उचलून पत्रा बघितला, गंज कुठेच नाही. तिथेच त्यांचं डोकं फिरलं. आधीच्या मालकाचा पत्ता काढून ते पिंपळनेरला गेले. मुलगा नोकरीला सुरतला गेला, गाडी चालवायला घरात कोणी नाही, म्हणून विकली, असं मालकाने सांगितलं. आबांनी त्याच्या घरचा चहा घेतला आणि बाहेर पडून समोरच्या किराणा दुकानात चौकशी केली, मुलगा खरंच सुरतला आहे का म्हणून. दुकानदार हो म्हणाला. शेजारीण हो म्हणाली. त्याच्याही आधीचा मालक धुळ्यात सापडला. तोही म्हणाला, गाडी सोन्यासारखी आहे.

"बठ्ठा एकच बोलनात," आबा मला सांगायचे. "ठरायेल शे त्यासनं."

सगळे एकच बोलले, म्हणजे सगळ्यांचं आधीच ठरलेलं आहे. अशा माणसापुढे तुम्ही काय बोलणार? एवढा संशय होता तर घेतली कशाला, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, दुसऱ्या कोणी घेतली असती तर तो फसला असता.

मग त्या लपवलेल्या दोषाचा शोध सुरू झाला. नेरी सोडली की रस्ता जरा चढतो. तिथे आबा हात वर करायचे आणि आम्ही सगळ्यांनी गप्प बसायचं. आमच्यातले शिक्षक अर्धं वाक्य गिळायचे, कॉलेजच्या मुली कानातल्या वायरी काढायच्या. आबा मान तिरकी करून इंजिन ऐकायचे. चढ संपला की हात खाली. "आज नही उना," म्हणायचे. आज नाही आला. आवाज कधी आलाच नाही, पण चढावर गप्प बसायची आम्हाला अशी सवय लागली की त्यांनी हात वर करायचीही गरज उरली नाही.

बाकीचं जगही त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. डिझेल दर वेळी वेगळ्या पंपावर, कारण एकाच पंपावर गेलं की ते लोक आपल्याला ओळखतात आणि मग फसवतात. पंक्चर काढणाऱ्यासमोर उकिडवे बसून राहायचे, त्याने एकाचे दोन करू नयेत म्हणून. स्टेपनीला साखळदंड आणि कुलूप. एकदा खरोखरच टायर बसला, तेव्हा किल्ली त्यांनी इतकी जपून ठेवलेली निघाली की त्यांनाच सापडेना. आम्ही एसटीने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्याकडेच संशयाने पाहिलं.

मग बल्बचं सुरू झालं. दिवे कमी पडतात, दुकानदाराने डुप्लिकेट बल्ब दिला. तो बदलला. दुसऱ्यानेही डुप्लिकेटच दिला. मग बॅटरी. मग रस्त्याच्या कडेचे पांढरे पट्टे कोणी मुद्दाम रंगवत नाही. एका संध्याकाळी मी उतरून व्हॅनसमोर उभी राहिले तर डोळे दिपले. मी म्हटलं, आबा, बल्ब चांगले आहेत, एकदा आमच्या दुकानात येऊन डोळे तपासून घ्या.

"तुमनं दुकान शे ना, ताई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझ्या नेहमीच्या पुढच्या सीटवर कांद्याचं पोतं होतं. मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी मागे जाऊन बसले आणि त्यांच्याशी बोलणंच सोडलं.

त्याच आठवड्यात ते घडलं. अंधार पडत होता. रस्त्याच्या डाव्या कडेने एक बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन चालली होती. मला मागच्या सीटवरून ती केव्हाची दिसत होती. आबांना दिसतच असेल, असं मी धरून चालले. पण गाडी सरळ तिच्याच अंगावर जाऊ लागली तेव्हा मी ओरडले. आबांनी स्टिअरिंग ओढलं. आरसा भाऱ्याला घासून दुमडला आणि भारा खाली पडला. बाई तशीच उभी होती.

आबा उतरले. भारा त्यांनी स्वतः तिच्या डोक्यावर चढवून दिला आणि ती कुठून आली ते विचारलं. ती म्हणाली, कुठून नाही, तुमच्यापुढेच चालत होते. आबांनी तिच्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. संशय घ्यायला तिथे दुसरं कोणीच नव्हतं. मग त्यांनी पोतं उचलून मागे टाकलं.

"ताई, पुढे बसा. माले डावीकडलं दिखत नही. सांगत ऱ्हा."

जामनेरपर्यंत मी डावीकडचं सगळं मोठ्याने सांगत आले. सायकल, बैल, कडुलिंब. माझा राग कुठल्या कुठे गेला होता, नुसती भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त त्यांची दया येत होती.

दुसऱ्या दिवशी ते एसटीने दुकानात आले. आमच्याकडे बसणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधाने टिकेल, गाडी मात्र बंद. जळगावचे डॉक्टर एकमेकांना ओळखतात म्हणून आबा धुळ्याला दुसऱ्याकडे गेले. परत आल्यावर मला म्हणाले, "दोन्ही एकच बोलनात." त्या दोघांचं आधीच ठरलेलं आहे, असं ते पुढे म्हणतील म्हणून मी थांबले. ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

गाडी विकायला काढली. रावेरकडचा एक माणूस आला, पिकअपमधून केळी वाहणारा, आता त्याला प्रवासी गाडी हवी होती. त्याने मॅट उचलला, पत्रा ठोकला आणि विचारलं, "आबा, चालती गाडी का विकताय?"

"मन्हा डोया गयात," आबा म्हणाले.

डोळे गेले, हे ऐकून तो माणूस गालातल्या गालात हसला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, ताई, तुम्ही रोज बसता, खरं काय ते सांगा, इंजिनात काय आहे? मी सांगितलं, काही नाही. त्याने स्टँडवरच्या चहावाल्याला विचारलं, शिक्षकांना विचारलं. लांबून आबा हे सगळं बघत होते. इतक्या दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला होता.

"गाडी नीट हातमा जाई ऱ्हायनी," ते मला म्हणाले. योग्य हातात जातेय.

आबा साक्रीकडे भावाच्या घरी गेले. रावेरच्या माणसाने आबांचाच धंदा पुढे चालवला, आम्ही त्याच व्हॅनने येतो-जातो. पहिल्या दिवशी नेरी सोडली आणि चढावर आम्ही सगळे गप्प झालो. नव्या मालकाने आरशात पाहिलं. काय झालं, म्हणाला, काय ऐकताय? आता तोही मान तिरकी करतो.

परवा आबांचा फोन आला. डोळ्यांत थेंब रोज घालता ना, मी विचारलं. त्याचं उत्तर न देता त्यांनीच मला विचारलं, "आवाज उना का?"

नाही आला, मी म्हटलं. एकदाही नाही.



"मंग चांगली व्हती ती," आबा म्हणाले.