हैदराबादला आम्ही तिघं

परतूरच्या स्टेशनावर सकाळी छोट्या लाइनची गाडी आली, तेव्हा फलाटावर आम्ही तिघं उभे होतो. मी, आमचे हे आणि माझी सोनाआत्या. लग्नाला बारा दिवस झाले होते, अंगाची हळद पुरती उतरली नव्हती, हातात हिरवा चुडा होता आणि आम्ही हनिमूनला निघालो होतो. तिघं! हसा, हसा. वीस वर्षं झाली, पण हा विषय निघाला की आमच्या घरी आलेल्या पाहुण्यांच्या कपातला चहा अजून सांडतो.

कल्पना सगळी ह्यांची. हे मंठ्याच्या बाजार समितीत कारकून. बोलायला अतिशय लाजरे, पण लिहायला बसले की कुणाचं ऐकत नाहीत. लग्नघरात चार पाहुणे गेले की सहा येत होते, आणि मोठ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची नव्या नवरीची काय बिशाद! मग ह्यांनी युक्ती काढली. रेडिओच्या मागं एक शंभर पानी वही ठेवली. मी झाडायला गेले की वही काढायची, वाचायची, उत्तर लिहायचं आणि परत जागेवर सारायची. पहिल्याच दिवशी तिच्यात होतं, 'हैदराबादला जाऊ. तीन दिवस. येतेस का?' माझ्या हातातला झाडू गळून पडला. भोकरदनकडच्या पिंपळगाव रेणुकाईची मी पोर. चतुर्थीला राजूरचा गणपती आणि एकदा मुलाखतीसाठी औरंगाबाद, एवढाच काय तो माझा प्रवास. मी खाली लिहिलं, 'येते. पण दोघंच ना?'

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'दोघंच', आणि त्याच्याखाली दोन रेघा मारलेल्या. मग आठवडाभर त्या वहीत नुसता धुमाकूळ. पहिल्या दिवशी चारमिनार, दुसऱ्या दिवशी सालारजंग म्युझियम, तिसऱ्या दिवशी गोवळकोंडा. कोणत्या स्टेशनावर गाडी किती थांबते हेसुद्धा ह्यांनी कुणाकुणाला विचारून लिहून काढलं. मी लिहिलं, 'चालणं खूप आहे, जुन्या चपला घाला.' उत्तर आलं, 'हनिमूनला जुन्या चपला? लग्नातले बूट घालणार.' मी पदर तोंडाशी धरून हसले आणि सासूबाई आतून ओरडल्या, "झाडून राह्यलीस का झोपून राह्यलीस?"

पण 'दोघंच' या शब्दावर माझा जीव का अडकला होता, ते सांगते. लग्नाच्या दोन दिवस आधी माझ्या नावाचं एक पत्र आलं होतं. औरंगाबादला नर्सच्या प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली होती. अठरा महिने, हॉस्टेलात राहायचं आणि पुढच्या एक तारखेला हजर व्हायचं. दारात मांडव पडलेला, घरात रुखवत मांडलेला. अशात कुणाला सांगू? मी ते पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि तसंच सासरी आणलं. वहीत लिहायची हिंमत होईना, कुणाच्या हाती लागली म्हणजे? मला ह्यांना तोंडानं विचारायचं होतं, चेहऱ्याकडं बघत, आणि मंठ्याच्या त्या घरात ते होण्यातलं नव्हतं. हैदराबादेत होईल असं वाटलं होतं.

शेवटी ह्यांनी धीर करून सासूबाईंना सांगितलं. त्या शेंगा फोडत होत्या. मला वाटलं, आता नाही म्हणणार. तर त्या म्हणाल्या, "जा की. पर तिच्या आत्याला संगं घ्या."

"आत्याला कामून?" ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"कामून म्हंजे? पाठराखीण हाये ती. नवरी हैदराबादला आन पाठराखीण आमच्या घरी बसून राह्यली तर लोक काय म्हणतील?"

आमच्याकडं नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा माहेरची एक वडीलधारी बाई तिच्यासोबत येऊन राहते, ती पाठराखीण. सोनाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. ह्यांचं स्थळही तिनंच आणलेलं. पत्राचं तिला कळलं असतं तर तिनं आकाशपाताळ एक केलं असतं, म्हणून तिच्यापासून तर मी ते जास्तच लपवत होते. आणि तीच आता हनिमूनला येणार! आत्या म्हणाली, "मला काय, चल म्हणलं की चलते," आणि लागलीच पिशवी भरायला घेतली. वहीत त्या दिवशी एवढंच होतं, 'माफ कर. गोवळकोंड्याला खूप पायऱ्या आहेत. आत्याचे गुडघे दुखतात. त्या खाली बसतील, आपण दोघं वर जाऊ.' बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसा मी तो गोवळकोंडा धरून ठेवला.

गाडीत आत्या आमच्या दोघांच्या बरोबर मध्ये बसली. सेलू, परभणी, पूर्णा. आत्यानं धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या काढल्या. मला एक, ह्यांना एक, असं आळीपाळीनं वाढत राहिली. नांदेडला निजामाबादची एक बाई चढली. आमच्याकडं थोडा वेळ बघून म्हणाली, "नए दुल्हा-दुल्हन दिखते. फिर ये अम्मा बीच में कैसे?" आत्या जराही न डगमगता म्हणाली, "मैं पाठराखीण हूं. बराबर बैठी." डबा हसून हसून बेजार झाला. हे खिडकीबाहेर बघायला लागले, कान लालबुंद.

बासरला गोदावरीच्या पुलावर सगळ्यांनी हात जोडले. पुढं माणसांची बोली पालटली. पाण्याला 'नीळ्ळू' म्हणणारा विक्रेता आला, तेव्हा मात्र आपण खरंच परमुलखात आलो असं वाटून माझ्या अंगावर काटा आला. दिवेलागण उलटून गेल्यावर हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनावर उतरलो. केवढे दिवे! एवढे दिवे मी एका जागी कधी पाहिले नव्हते. लॉजवर आत्या आणि मी एका खोलीत, हे शेजारच्या.

चारमिनार लांबून दिसला तशी मी रस्त्यातच थांबले. मागून सायकलरिक्षावाला ओरडला, "ओ दुल्हन, जल्दी चलो ना!" जवळच्या बाजारात बांगड्यांचीच दुकानं. लाखेच्या, खड्यांच्या, उन्हात नुसत्या झगमगणाऱ्या. दुकानदारानं माझा हात धरला आणि चुडा उतरवायला लागला, तशी आत्या कडाडली, "ए बाबा, हात नको लावू! ह्यो लग्नाचा चुडा हाये!"

"नक्को तो नक्को, अम्मा," तो घाबरून म्हणाला. "चूड़े के आगे पहनाता मैं." आणि त्यानं खरंच हिरव्या चुड्यापुढं लाखेच्या दोन बांगड्या चढवल्या, अगदी हळुवार. नंतर इराणी हॉटेलात आत्यानं चहा बशीत ओतून एक घोट घेतला आणि म्हणाली, "चहा हाये का बासुंदी? अजून एक सांगा." खारट-गोड बिस्किटं तिनं चार खाल्ली. खोटं कशाला बोलू, तिच्यावर राग धरणं कठीण होतं.

दुसऱ्या दिवशी सालारजंगात एक मोठं घड्याळ पाहिलं. तास झाला की त्यातून एक छोटा माणूस बाहेर येतो आणि घंटेवर टोले देतो. ते बघायला बाकांवर शंभर माणसं बसलेली. मी मनात म्हटलं, हीच वेळ. "आत्या, तू बस इथं निवांत, आम्ही पुढच्या दालनातून येतो." आत्या लगेच उठली. "मी बी येते. घड्याळ काय, तासानं पुन्हा वाजंल." ह्यांनी माझ्याकडं बघून नुसते खांदे पाडले. त्यातच लग्नातल्या बुटांनी ह्यांना दोन्ही टाचांवर चावलं आणि संध्याकाळी हे लॉजच्या पायऱ्या एकेक करून चढले.

आता सगळी भिस्त गोवळकोंड्यावर. तिथं मोठ्या दरवाजाच्या कमानीखाली गाइडनं टाळी वाजवून दाखवली. इथली टाळी पार वर, डोंगराच्या माथ्यावर ऐकू जाते म्हणे. मी आत्याला म्हणणारच होते की तू बस सावलीत, तेवढ्यात तो म्हणाला, "उप्पर देवी का मंदिर भी है."

झालं! आत्यानं नऊवारीचा ओचा खोचला. "देवी हाये? मंग हळदीच्या नवरीला दर्शन नको का?"

"आत्या, तुमचे गुडघे..." हे म्हणाले.

"माझ्या गुडघ्याचं देवी बघंल. जावई, तुमचा पाय सुजलाय, तुम्ही बसा इथं. आम्ही वर पोचलो की टाळी वाजवा."

घ्या! खाली बसायची ती वर निघाली आणि ज्यांच्याशी बोलायचं ते खाली टाळ्या वाजवत बसले. साडेतीनशेच्या वर पायऱ्या मी दात-ओठ खात चढले. वर वारा होता, खाली सगळं हैदराबाद पसरलेलं, पण मला काही दिसेना. देवीसमोर हात जोडले आणि मला हुंदकाच फुटला.

"माय माझी! पोटात दुखून राह्यलं का?" आत्या घाबरली.

मग मी सगळं एका दमात सांगितलं आणि पर्समधून पत्र काढून तिच्या हातात दिलं. आत्याला वाचता येत नाही. तरी तिनं ते उलगडून बराच वेळ पाहिलं.

"पंधरा दिस मी तुझ्या बाजूला झोपून राह्यले," ती म्हणाली, "आन तू मला सांगितलं न्हाई."

"तू ओरडली असतीस."

"ओरडलेच असते! स्थळ मी आणलं, नाक माझं गेलं असतं. पर मी पाठराखीण हाये, पोरी. नव्या नवरीला सासरी तोंड उघडता येत न्हाई, म्हणून तर संगं बाई देतात. तिला भूक लागली, पाठराखणीनं सांगायचं. तिचं डोकं दुखलं, पाठराखणीनं सांगायचं. तुला काय वाटलं, मी पहारा द्यायला आले?"

मला तेच वाटलं होतं. लाजेनं मान वर होईना.

"चल खाली. मी बोलते जावयाशी."

"नको आत्या. मीच बोलते."

"मंग बोल. मी हाये."

अर्ध्या पायऱ्या उतरतो तोच हे समोरून वर येताना दिसले. अनवाणी, बूट हातात, धापा टाकत. "टाळी ऐकू आली का? मी सात-आठ वेळा वाजवली." आम्हाला दोघींना एकही ऐकू आली नव्हती. आत्या चार पायऱ्या खाली जाऊन आमच्याकडं पाठ करून बसली, आणि मी ह्यांच्या हातात पत्र दिलं.

ह्यांनी ते दोनदा वाचलं. "हे लग्नाआधी आल्तं?"

"हो."

"मंग तवाच का न्हाई सांगितलं?"

"लग्न मोडलं असतं."

"आन ते मोडू नये, असं वाटलं?"

"हो," मी म्हटलं. ह्यांचे कान पुन्हा लाल झाले. मुलगी बघायला आल्यापासून आम्ही एकमेकांशी एवढं पहिल्यांदाच बोलत होतो.

"जा तू," हे म्हणाले. "अठरा महिने काय, निघून जातील."

मी आनंदानं तिथंच ह्यांचा हात धरला, भर दिवसा, चार लोकांत! पण लगेच मनात आलं ते विचारलं, "आणि सासूबाई?" तसा ह्यांचा चेहरा उतरला. "मी... मी सांगतो मायला," असं म्हणाले खरे, पण आवाजात दम नव्हता. आईसमोर ह्यांचं तोंड कसं शिवल्यासारखं होतं, ते मी बारा दिवस पाहिलं होतं. परतीची गाडी, पुन्हा तेच पूल, तीच स्टेशनं. आत्या आता खिडकीशी बसली होती आणि हे माझ्या शेजारी, पण मी एक तारखेला किती दिवस उरले तेच मोजत होते.

मंठ्यात पोचलो. त्या संध्याकाळी हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. दुपारी आत्याची पाठवणी होती. सासूबाईंनी तिला लुगडं दिलं, ओटी भरली. सगळे जेवायला बसले. आत्यानं माझ्याकडं पाहिलं, घसा खाकरला आणि ती बोलणार, तेवढ्यात हे म्हणाले, "आत्या, तुम्ही थांबा." आणि मग सासूबाईंकडं बघून, "माय, ही एक तारखेला औरंगाबादला जाणार हाये. नर्सचं शिकायला. अठरा महिने. मी जा म्हणलो."

सासूबाईंचा भाकरी वाढणारा हात थांबला. "लगीन होऊन महिना न्हाई, आन सून घरात न्हाई? मी लोकांला काय सांगू?"

"सांग, तुझ्या लेकानं धाडली."

सासूबाई ताडकन उठून आत गेल्या. कुणी घास घेईना. ह्यांनी वाटी तोंडाला लावायला उचलली आणि वरण शर्टावर सांडलं. सगळं घर बघत होतं, आत्या बघत होती, आणि मी, डोक्यावरचा पदर सावरत, मोठ्यांसमोर पहिल्यांदा ह्यांच्याशी बोलले. "पाणी देऊ का?"

सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, पण एक तारखेला मी गेले. नर्स होऊन गावोगाव फिरले, हैदराबादही पुन्हा दोन-तीनदा पाहिलं. दोघांनीच. लोक विचारतात, तेव्हा मी चारमिनार सांगते, घड्याळ सांगते, बासुंदीसारखा चहा सांगते. लग्नाची तारीख मात्र पत्रिकेवर छापलेली वेगळी आहे. मी आमचं लग्न त्या दुपारच्या जेवणापासून धरते.