‘तू’ची धास्ती

यमुताईंच्या तोंडून ‘ण’चा कधी ‘न’ झाला नाही. आमच्या रामदासपेठेतल्या मुलींच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या आणि मी शिवण. बोलायच्या इतकं शुद्ध की आम्ही सगळ्या त्यांना पुण्याच्याच समजायचो. खरं सांगते, मला त्याचा रागच यायचा.

त्र्याहत्तर साली बीएडच्या मुली सराव पाठ घ्यायला आमच्याकडे आल्या, त्यात जैवंता आत्राम होती. गोंडाची पोर, एटापल्लीकडच्या जंगलातली. कॉलेजात तिच्या समाजाची ती एकटीच. घरी गोंडी बोलायचे, मराठी ती बाजारात शिकलेली, आणि त्या मराठीत लहानथोर सगळ्यांना ‘तू’. पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंना तिनं विचारलं, “बाई, तू जेवली का?” मोठ्या बाई तोंड वळवून निघून गेल्या. वर्गातल्या पोरी मात्र दिवसभर खिदळत होत्या.

पोर इतकी भ्याली की दुसऱ्या दिवशी आलीच नाही. यमुताई होस्टेलवर जाऊन तिला घेऊन आल्या. मग रोज मधल्या सुट्टीत माझ्या शिवणाच्या खोलीत दोघींचं सुरू व्हायचं: “आपण बसा. तुम्ही घ्या.” धास्तीपायी जैवंता खडूलाही ‘आपण’ म्हणायला लागली. मी हसले, तर यमुताईंनी आधी उठून दार लावलं आणि मग माझ्यावर उखडल्या. ह्या एवढ्या कशाला भितात, मला कळेना.

शेवटच्या पाठाला बाहेरचे परीक्षक आले, कृष्णकांतराव. भाषेपायी मुलींना नापास करणारा माणूस, हे सगळ्यांना ठाऊक. गावाकडच्या आश्रमशाळेत जैवंताची नोकरी ठरली होती. पाठ फसला की नोकरीही गेली.

पाठ छान चालला होता. मी आणि यमुताई मागच्या बाकावर. परीक्षक खिडकीशी उभेच. पाहुणा उभा आणि आपण आपलं बोलत राहायचं, हे त्या पोरीला काही सोसेना. ती थांबली, घाम पुसला, आणि सगळी शिकवणी विसरून म्हणाली, “बाबा, तू उभा काहून आहे? बस ना.”

वर्ग फिसकन हसला. परीक्षकांचं पेन थांबलं. जैवंताच्या तोंडचं पाणी पळालं.

पाठ चालू असताना मागून कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. तरी यमुताई उठल्या. कोपऱ्यातली खुर्ची ओढत परीक्षकांपाशी नेली आणि म्हणाल्या, “बस ना गा भाऊ. पोरगी तुले बस म्हणून राहिली.”

पोरींचं हसू थांबलं. परीक्षक यमुताईंकडे वळले.

“गाव कोणतं, बाई?”

“सावनेरपाशी. खेडं आहे.”

ते बसले. “चालू द्या,” जैवंताला म्हणाले. तिचा आवाज चिरकत होता, पण तिनं पाठ पुरा केला, आणि पासही झाली.

घंटा होते न होते तोच यमुताईंना मोठ्या बाईंचं बोलावणं आलं. जिन्यात त्यांनी माझं मनगट धरलं. मी विचारलं, “इतकी वर्षं लपवलं कशाला?”

“मीही पाठ घ्यायलाच आले होते ना इथं, शोभा. ‘मले’ म्हणाले आणि वर्ग हसला. तेव्हापासून झोपेतसुद्धा सांभाळून बोलते.” दोन पायऱ्या चढून त्या पुन्हा थांबल्या. “आता मराठी शिकवू देतील का वं मले?”