प्लास्टर, बूट आणि तुटलेल्या दोन शिरा

टाचेमागची शीर तुटली की माणूस महिनोन्‌महिने बसून राहतो, आणि बसलेल्या माणसाभोवती किस्से आपोआप गोळा होतात. आमच्या जळगावच्या पाटबंधारे ऑफिसात तर अशा दोन शिरा तुटल्या. आधी उन्हाळ्यात माझी, मग दिवाळीत प्रमोद चौधरीची. दोन्ही व्हॉलीबॉलच्या कृपेने!

*

मी नेटपाशी उडी मारायला गेलो आणि ‘फट्’ असा आवाज झाला. मागून कुणीतरी सणसणीत लाथ घातली असंच वाटलं. पडता पडता ओरडलो, “नाना, लाथ काय मारता!”

नाना म्हणजे आमचे हेडक्लार्क. शांतपणे म्हणाले, “अरे, मी तुझ्या समोर आहे. नेटच्या पलीकडे!”

*

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं, तेही पाऊल खाली वाकवून, चवड्यावर उभं राहिल्यासारखं. धुळ्याची मावशी बघायला आली.

“हाड मोडनं का रे भाऊ?”

“नाही मावशी, शीर तुटली.”

“मंग पाय असा नाचनारीसारखा कसाले ठेवेल शे?”

*

जळगावचा मे महिना आणि पायाला प्लास्टर! आत खाज सुटली की जीव नकोसा व्हायचा. मग बायकोची स्वेटर विणायची सुई आत घालून खाजवायचो. एकदा ती आतच राहिली.

प्लास्टर कापताना डॉक्टरांनी सुई चिमट्याने वर धरली. “ही मी ठेवली होती का हो?”

कोपऱ्यातून बायको म्हणाली, “द्या इकडे. बाही अर्धी राहिलीय!”

*

प्रमोदचा थाट वेगळा. ऑपरेशननंतर त्याच्या अमेरिकेतल्या भावाने खास बूट पाठवला. काळा, जाडजूड, चर्रकन पट्टे उघडणारा. पठ्ठ्या रोज बूट काढून अंघोळ करायचा आणि ऑफिसात माझ्यासमोर पाय खाजवायचा, मुद्दाम! डॉक्टरांची अट एकच होती : बूट काढून उभं राहायचं नाही. शीर पुन्हा तुटली तर संपलं.

थंडीत भरीत पार्टीला आम्ही नानांच्या केळीच्या बागेत गेलो. प्रमोद बूट काढून खाटेवर लवंडला, आणि कुत्रं बूट घेऊन पसार! शेवटी आम्ही चौघांनी प्रमोदसकट खाट खांद्यावर घेतली आणि जीपकडे निघालो. वाटेत कामावरच्या बाया थांबल्या, डोक्यावर पदर घेऊन हात जोडून उभ्या राहिल्या.

प्रमोद ताडकन उठून बसला. “अहो, जिता आहे मी!”

बूट नंतर बांधाखाली सापडला. थोडा चावलेला.

*

पण बुटाने प्रमोदची खरी पंचाईत केली ती लग्नाच्या बाजारात. प्लास्टर दिसलं की लोक म्हणायचे, “निघेल लवकरच.” बूट दिसला की कुजबुजायचे, “जन्मापासून का?” चाळीसगावचं एक स्थळ तेवढ्यावरच मोडलं.

मग धुळ्याची एक शिक्षिका सांगून आली. फोटो बघूनच प्रमोदची झोप उडाली. तो थेट डॉक्टरांकडे गेला. “साहेब, मला प्लास्टर घाला!”

“बरा होत आलेला पाय आहे. चालायला लाग!” डॉक्टरांनी हाकलून दिलं.

नाना म्हणाले, “डॉक्टर कशाला पाहिजे?” मेडिकलमधून प्लास्टरच्या पट्ट्या आणल्या आणि आम्ही बुटावरूनच गुंडाळल्या. पाय हत्तीएवढा झाला!

धुळ्यात मुलीचे वडील पाय बघून खूश. “प्लास्टर आहे ना? मग काळजी नाही.” पोहे झाले. दोघांना बोलू द्यावं म्हणून मोठी माणसं ओट्यावर गेली. प्रमोदला उठायला-बसायला आधार लागायचा, म्हणून मी तिथेच कोपऱ्यात पेपरआड बसलो.

मुलीने बराच वेळ पायाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “मागून काळा पट्टा बाहेर आलाय.”

अडखळत प्रमोदने सगळं सांगून टाकलं : शीर, बूट, चाळीसगाव, आमची कारागिरी.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “लग्नात नुसता बूटच घाला. प्लास्टरवरची हळद निघत नाही!”