तळ्याकाठची मीनाताई

कॅम्पिंगहून घरी आलं की तंबूतली वाळू आठवडाभर कुठून कुठून निघत राहते. मीनाताईच्या किश्शांचंही तसंच! कुणीतरी नुसतं "तळं" म्हणायचा अवकाश, आमच्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या ग्रुपमध्ये एकेक किस्सा बाहेर पडायला लागतो.

मीनाताई नागपूरची. इथे फिजिकल थेरपिस्ट आहे, आम्हा सगळ्यांपेक्षा बरीच मोठी. गेल्या लेबर डेच्या लाँग वीकेंडला तीच आम्हाला डोंगरातल्या तळ्यांवर घेऊन गेली. मी, माझा नवरा समीर, आमची इरा आणि मिरजेहून आलेली माझी आई. तंबूत झोपायची चौघांचीही पहिलीच वेळ!

*

समीरने गाडीत काय नाही भरलं! कॉफी मशीन, प्रोजेक्टर, एअर मॅट्रेस, तिचा पंप, पंपाची बॅटरी.

मीनाताईने डिकीत डोकावून पाहिलं. "काय रे समीर, आपण डोंगर पाहायला चाललो न? की डोंगराला तुझं घर दाखवायला?"

प्रोजेक्टर घरी राहिला. कॉफी मशीनसाठी मात्र पठ्ठ्याने किल्ला लढवला!

*

तिथे अस्वलं फिरतात, म्हणून खाण्याचं सगळं लोखंडी पेटीत बंद ठेवावं लागतं. पहिल्याच संध्याकाळी मीनाताईने सावजी रस्सा केला. शेजारच्या तंबूतले लोक शिंकायला लागले, आणि वासाच्या मागावर रेंजर बाई हजर!

"बसा," म्हणत मीनाताईने त्यांच्या हातात वाटीच दिली. एका घोटात बाईंचे कान लाल. पाण्याची अख्खी बाटली संपवून त्या म्हणाल्या, "तुम्हाला पेटीची गरज नाही. अस्वलच आमच्याकडे तक्रार घेऊन येईल!"

आणि वाटी पुन्हा पुढे केली!

*

दुसऱ्या दिवशी समीर सकाळपासून एका उंच खडकावर फोन वर धरून उभा. सुट्टी असूनही ऑफिसच्या मेसेजसाठी सिग्नल शोधणं चालूच. "यार, सिस्टीममध्ये काही ब्रेक झालं तर? कंपनीला मी लागेन!"

मीनाताई खालून म्हणाली, "एवढी मोठी तुझी कंपनी, अन् ती या एका दगडावर उभी आहे का?"

समीर उतरला. फोन त्याने स्वतःहून गाडीत ठेवला. लग्नानंतर हे मी पहिल्यांदा पाहिलं!

*

त्याच दुपारी मात्र माझी बोबडी वळली. समीर आणि इरा लाइफ जॅकेट घालून कयाकमधून निघाले आणि अचानक वारा सुटला. समीर जिवाच्या आकांताने वल्हं मारतोय, कयाक जागच्या जागी गोल फिरतेय, आणि दोघं काठापासून लांब लांब चाललेत. इराचं रडणं मला काठावर ऐकू येत होतं.

मीनाताईने तोंडाशी हात धरून हाक दिली, "समीर! वल्हं ठेव! नुसता बसून राहा!" मग मला म्हणाली, "अश्विनी, गाडी काढ."

"अगं, वाहून जातील ते!"

"कुठं जातील? तळं आहे, समुद्र नाही! काठच लागणार."

मी तळ्याला वळसा घालायला निघाले. ती शेजारी बसून "इथून डावीकडे" एवढंच शांतपणे सांगत होती. वाऱ्याने कयाक पलीकडच्या काठाशी आणली, तेव्हा ती टॉवेल घेऊन गुडघाभर पाण्यात उभी होती. समीरने इराला घट्ट धरलं होतं.

टॉवेलमधून इराचा आवाज आला, "कॅन वी डू इट अगेन?"

*

शेवटच्या सकाळी उठले तर आई तंबूत नाही. माझी आई सत्तरीची. लहानपणी तिची मैत्रीण नदीत बुडाली, तेव्हापासून घोट्याच्या वर पाण्यात गेलेली नाही. मी धावत काठावर गेले.

आई तळ्यात! माझा पंजाबी ड्रेस घालून, डोळे मिटून, पाण्यावर उताणी तरंगत होती. मीनाताई छातीभर पाण्यात शेजारी उभी. मला वाटलं, तिने आईच्या पाठीखाली हात धरलेत. एवढ्यात मीनाताईने मला पाहिलं आणि दोन्ही हात पाण्याबाहेर काढून वर करून दाखवले!

मी किंचाळले, "आई! अगं, खोल आहे तिथं!"

आईने डोळेही उघडले नाहीत.

"असू दे की खोल. मी वर आहे!"