देवडीवरचे मामाजी

देवडीच्या दिंडीतून आत शिरताना मी वाकायचं विसरलो. बावीस वर्षांचा जुना जावई, तरी चौकट कपाळावर बसलीच. डोळ्यांत टचकन पाणी आलं. अंगणातल्या बाया हळहळल्या, "जावयाचा लय जीव होता जी बुढ्यावर." मी ते तसंच राहू दिलं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, सकाळचा चहा पिऊन शांतपणे गेले, असा फोन आमच्या जवाहरनगरच्या क्वार्टरवर आला होता.

कारध्यापलीकडच्या त्या गावात ही देवडी त्यांच्या आजोबांनी मालगुजारीच्या काळात बांधली. धानाची भरलेली बैलबंडी जाईल एवढा दरवाजा, त्याच्या एका फळीत माणसापुरती बुटकी दिंडी, आत दोन बाजूंना दोन ओटे. "दिंडी एवढी बुटकी काहून?" मी एकदा विचारलं. "येनाऱ्याचं डोस्कं पह्यले आत येते, हात मांगून. कोन होय ते पाहाले वेळ भेटते." लाठ्याकाठ्या इथंच ठेवायच्या. भांडायला आलेला पाणी पिईपर्यंत ओट्यावर बसायचा, आणि पुष्कळदा तिथूनच परत जायचा. शेती मुलाच्या हाती दिल्यावर मामाजींनी डाव्या ओट्यावरच मुक्काम टाकला. मासळीवाली येवो की तहसीलदार, "कोन होय? बसा, पानी घ्या."

दोन वर्षांपूर्वी साळ्याची, म्हणजे मामाजींच्या मुलाची, नवी ट्रॉली देवडीतून आत जाईना. मी त्याला मामाजींच्या देखत म्हणालो, "पाडून टाक ना हे. कोण बसतं आता इथं?" बसणारे समोरच बसले होते… त्यानंतर ते माझ्याशी बोलेनासे झाले. दोनदा मी माफी मागितली. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या तोंडाकडे एकटक पाहिलं आणि मान रस्त्याकडे वळवली. आता तर मागायचीही सोय राहिली नव्हती.

तेरवी आटोपून परतताना बायकोजवळ सगळं कबूल केलं. ती चक्क हसली.

"बाबाले दोन वर्सांपासून ऐकूच येत नव्हतं. देवडीवर बसनारा बहिरा म्हटलं तं लोक काय म्हनतीन, म्हनून आन घातली होती मले, कोनालेच सांगू नोको. लोकाईचे ओठ पाहून समजून घेत."

दोन वर्षांचं ओझं असं रस्त्यातच उतरलं. तरी मी विचारलं, मग बाकी सगळ्यांशी बोलायचे, माझ्याशीच का नाही?

"तुमच्या गालात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा. ओठ हालतीन तं समजन ना. मलेच म्हनत, जावई भला मानूस हाये, पन कधी तोंडच उघडत नाही."