माझ्या उंचीवर मीटर

नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा आम्हाला बोरिवली पूर्वेच्या नव्या इमारतीत येऊन वर्षही झालं नव्हतं. लालबागची खोली विकून एक खोली आणि स्वयंपाकघर घेतलं होतं. नवरा रोज नोकरी शोधायला बाहेर पडायचा. संध्याकाळी तो चपला काढत असताना मी काही विचारायची नाही, तोंडावरच दिसायचं. काही दिवस मी हे बघत राहिले. मग एका सकाळी स्टेशनजवळच्या बँकेत गेले आणि तिथल्या दोन बायकांना विचारलं, दुपारचा डबा करून देऊ का? त्या हो म्हणाल्या. त्यांचं बघून आणखी लोक आले. वर्षभरात माझ्या घरातून रोज सकाळी पिशव्या भरभरून डबे जायला लागले. पोचवायचं काम नवऱ्याने स्वतःहून अंगावर घेतलं.

आमच्या इमारतीत गॅस पाइपने यायचा. तेव्हा गॅसचा नंबर लागायला वर्षं जायची, म्हणून हे मोठंच सुख होतं. इमारतीच्या मागे जाळीच्या खोलीत मोठे सिलिंडर ओळीने उभे असत आणि तिथून पाइप भिंतीवरून वर चढून प्रत्येकाच्या ओट्यापर्यंत येई. बिल्डरने मीटर मात्र कुणालाच दिले नव्हते. सिलिंडरचा खर्च सगळी घरं सारखा वाटून घ्यायची.

एक दिवस सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा पायजमा, आवाज कधी चढायचा नाही. आत आले नाहीत. उंबऱ्यावरूनच म्हणाले, "वहिनी, लोकांच्या तक्रारी आहेत. गॅस सगळ्यांचा आणि धंदा तुमचा, असं चाललंय."

मी पोळी तव्यावरून काढली आणि बाहेर आले. "खरं आहे," मी म्हटलं. "माझा जास्त जळतो. माझ्याकडून जास्त घ्या."

"किती जास्त ते कसं कळणार? त्यापेक्षा डबे बंद करा. नाहीतर कमिटीला तुमचा पाइप बंद करावा लागेल."

"कळण्यासाठी मीटर असतो. लावा मला मीटर."

"एका घरासाठी मीटर कोण लावणार?"

"मग सगळ्यांना लावा."

ते हसले. रागाने नाही, लहान मूल काही बोललं की हसतात तसे. ते हसणं माझ्या मनात रुतून बसलं. नुसता राग आला असता तर दुपारपर्यंत विसरले असते.

सासूबाई स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मालवण सोडून आयुष्य गेलं तरी बोली सोडली नव्हती. विळीवरून मान वर न करता म्हणाल्या, "मापाक कोण भियता? ज्याच्या मनात खोट आसा तो. तू मीटर लावून घे गो."

पुढच्या सभेला मी गेले. सभा गच्चीवर भरायची आणि बायका त्या वेळी घरात असायच्या, कारण घरं पुरुषांच्या नावावर. मी नवऱ्याशेजारच्या खुर्चीत बसले. सेक्रेटरी म्हणाले, "सभेत फक्त सभासदांनी बोलायचं असतं." नवरा मितभाषी माणूस. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सभासद मी आहे. माझ्या वतीने ही बोलेल." एवढं बोलून खाली बसला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याचा इतका अभिमान मला आधी वाटला नव्हता.

मी मीटरची मागणी मांडली. वाद झाला. पण मला विरोध करणाऱ्यांनाच हळूहळू पटायला लागलं. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ आणि त्यांची बायको, दोघंच राहायचे. मोठ्या कुटुंबांइतकाच खर्च आपण का द्यायचा, असं त्यांनी विचारलं आणि सभा फिरली. मीटर बसवायचं ठरलं.

त्यानंतरच्या सभेला गॅसचं काम बघणाऱ्या कंपनीचा माणूस मीटरचे दोन नमुने घेऊन गच्चीवर आला. दोन्ही पत्र्याचे राखाडी डबे, वर दोन तोंडं. एकाच्या काचेमागे लहान लहान गोल तबकड्या होत्या आणि त्यात काटे. एक काटा उजवीकडे फिरायचा तर शेजारचा डावीकडे. दुसऱ्यावर स्कूटरला किलोमीटरचे असतात तसे आकडे. काट्यांचा थोडा स्वस्त होता. कमिटीने तोच उचलला.

"मला काट्यांचा नको," मी म्हटलं. "तो वाचता येत नाही."

सेक्रेटरी म्हणाले, "तुम्हाला कशाला वाचायचाय, वहिनी? महिन्याला माणूस येईल, तो वाचून जाईल."

"माझ्या घरात काय जळलं ते त्याला कळणार आणि मला नाही? तो सांगेल ते मी ऐकायचं?"

या वेळी मागे तीनचार बायका येऊन उभ्या होत्या. गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायच्या निमित्ताने आलेल्या. त्यांतली एक म्हणाली, "आकड्यांचाच घ्या. आम्हालाही बघता येईल." दुसरी म्हणाली, "हो ना. घड्याळासारखे काटे, तेही उलटेसुलटे." कंपनीच्या माणसाने आकड्यांचा मीटर पुढे सरकवला. सेक्रेटरींनी तो घेतला.

मीटर बसवायला फिटर आला तेव्हा मी कांदे चिरत होते. पाइप माळ्याजवळून आत यायचा. त्याने स्टूल लावलं आणि माळ्याखाली खुणा करायला लागला.

"तिथे नको," मी म्हटलं. "खाली लाव. इथे, खिडकीशेजारी."

"बाई, पाइप वरून येतो. सगळ्यांचे वरतीच लावलेत."

"वरचा आकडा मला दिसणार नाही."

"स्टुलावर चढून बघायचं."

"रोज चढू? माझ्या घरातली वस्तू बघायला?"

"पाइप वळवावा लागेल. वळणाचे दोन तुकडे जास्त लागतील."

"लागू देत. ते मी देते."

नवरा दारातून म्हणाला, "अगं, त्याला उशीर होतोय." मी त्याच्याकडे बघितलं तसा तो पाणी प्यायला निघून गेला.

मी खिडकीशेजारी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि डोळ्यांच्या रेषेत बोट टेकवलं. "इथे." फिटरने मान हलवली, पण पेन्सिलीने खूण तिथेच केली. ओट्यापासून लांब, हवा येते तिथे, हे त्यालाही चाललं. भोकं पाडली, मीटर टांगला, पाइप खाली वळवला. सगळे जोड आवळून झाल्यावर त्याने वाटीत साबणाचा फेस केला आणि ब्रशने प्रत्येक जोडाला लावला. मी डोकं पुढे करून बघत होते. फुगा आला नाही, म्हणजे गळती नव्हती. मग त्याने शेगडी पेटवली आणि शेवटचा आकडा हळूच सरकायला लागला. सासूबाई येऊन माझ्यामागे उभ्या राहिल्या आणि बराच वेळ तो आकडा बघत राहिल्या.

पहिला महिना संपला. सभेत सेक्रेटरींनी घरागणिक आकडे वाचले. माझ्या घराशी आले आणि थांबले. चष्मा पुसला. मग वाचला. माझा आकडा सगळ्यांत मोठा होता, इतरांच्या कितीतरी वर. गच्चीवरचे सगळे माझ्याकडे वळले. मी खाली बघेन, असं त्यांना वाटलं असावं.

मी उभी राहिले. "हा आकडा मला काल रात्रीच माहीत होता," मी म्हटलं. "बरोबर आहे. मी रोज माणसांना जेवायला घालते, माझाच जास्त असणार. धंद्याचा दर वेगळा लावायचा असेल तर तोही लावा. जळेल त्याचं मी देईन. पण जाळायचं की नाही, ते मी ठरवेन."

वेगळा दर लागला. मी तो भरत गेले. डबे बंद करण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. दोनेक घरं माझ्याशी बोलेनाशी झाली आणि तशीच राहिली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, असं म्हणणं खोटं होईल. जिना चढताना समोरच्या बाईने तोंड फिरवलं की पिशवी जड लागायची. पण सकाळी पाचला उठून शेगडी पेटवली की हात आपोआप चालायचे.

पुढे नवऱ्याला दहिसरला एका कारखान्यात नोकरी मिळाली. लोकांना वाटलं, आता ही थांबेल. शेजारीण तर विचारूनही गेली, "आता कशाला गं एवढे कष्ट?" मी म्हटलं, "नोकरी त्याला लागलीय. माझी आधीपासून आहे."

त्या दिवाळीला मी ओटा वाढवून घेतला आणि तिसरी शेगडी आणली. आपल्या मीटरमधून तेवढा गॅस येईल का, हे कंपनीच्या माणसाला विचारलं होतं. कमिटीला विचारलं नाही.